चालून राहिलं

"काय करून राहिली सध्या?"

हा प्रश्न मला गेल्या वर्षी इतक्या जणांनी विचारला की मी भाजी आणायला भर दुपारी जायला लागले. त्या वेळी आमच्या कुडव्याच्या चौकात उन्हामुळे कोणी नसतं, आणि जे असतात ते पेंगत असतात. प्रश्नात तसं वाईट काही नाही. आमच्या गोंदियाकडे 'काय करून राहिली' म्हणजे 'सध्या काय करतेस', इतकंच. पण नोकरी गेली की साधी चौकशीसुद्धा झोंबते. कोपऱ्यावरचा किराणावाला हिंदीत विचारायचा, "क्या बेटी, छुट्टी अभी तक चल रही?" मी "हां भैया" म्हणून साखर घ्यायचे आणि घरी येऊन डबा आपटायचे.

पुण्यात तीन वर्षं मी एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहीत होते. फेब्रुवारीतल्या एका सकाळी आमच्या सगळ्या टीमला व्हिडिओ कॉलवर बोलावलं. कधी न पाहिलेल्या एका बाईंनी समोरचा कागद वाचून दाखवला, त्यात 'कठीण निर्णय' दोनदा आला, आणि कॉल संपतो न संपतो तोच माझा लॅपटॉप बंद पडला. म्हणजे त्यांनी तो बंद केला. मी एक ओळ लिहीत होते, तिचा कंस बंद करायचा राहिला. नोकरी गेल्यापेक्षा मला त्या उघड्या कंसाचा राग जास्त आला, हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

दोन बॅगा घेऊन घरी परतले. आमचं घर कुडव्यात, रस्त्याला लागून, पण बाबांची शेती तिरोड्याकडे, बोदलकशाच्या अलीकडच्या एका गावात. ते सकाळी गाडी काढतात, दिवसभर धानाच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, असतात आणि दिवेलागणीला परततात. गावातला तलाव आमच्याच पूर्वजांनी केव्हातरी बांधलेला. त्याच्या पाण्याची पाळी ठरवणाऱ्या समितीत आमच्या घरचं एक माणूस असतंच. सध्या ते बाबा आहेत.

बाबांना माझ्या कामातलं फारसं कळत नाही, पण रिकामं बसलेलं माणूस त्यांना बघवत नाही. सहा महिने ते काही बोलले नाहीत. मग ऑगस्टमध्ये एकदा जेवताना म्हणाले, "गोंदियातल्या एका शाळेले कॉम्प्युटरची मॅडम पायजे. अध्यक्ष माझ्या ओळखीचे आहेत. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या का लागून जा."

"बाबा, मी डेव्हलपर आहो. पोरांना माउस धरायले कायले शिकवू मी?"

"मग डेव्हलपरची नोकरी कुठं आहे?"

आमच्याकडे असंच बोलतात, आडपडदा नाही. मी ताटावरून उठणार होते, पण भाजी चांगली होती म्हणून बसून राहिले. शेवटी ठरलं ते असं: दिवाळीनंतर शाळा उघडेल तोवर मला माझ्या कामाची नोकरी मिळाली तर ठीक, नाही तर शाळा. मी हो म्हटलं खरं, पण त्याचा अर्थ मला ठाऊक होता. आमच्या धंद्यात सहा महिन्यांचा खंड पडला तरी लोक भुवई उंचावतात. वर्षभर पोरांना टायपिंग शिकवणाऱ्या बाईला पुन्हा कोड लिहायला कोणी बोलावत नाही. शाळेत गेले की माझं हे काम कायमचं सुटणार होतं.

मग मी अर्जांच्या मागे हात धुऊन लागले. बायोडेटाची फाइल चढवायची, आणि ती चढली की तोच बायोडेटा चौकटी-चौकटींत पुन्हा टाइप करायचा. मग पहिल्यांदा फाइल मागितलीच कशाला? शहर निवडा म्हटलं की यादीत गोवा असे, गोरखपूर असे, गोंदिया नसे. मी नागपूर निवडायचे, आणि मग फोनवरची मुलगी विचारायची की उद्या अकराला नागपूरच्या ऑफिसात येऊन जाल का. एका कंपनीने 'छोटंसं घरचं काम' म्हणून जे दिलं त्यात माझे चार दिवस गेले. पाठवलं. उत्तर नाही. महिन्याभराने त्यांचं एक पत्र आलं: आमच्याकडे अर्ज करण्याचा अनुभव कसा वाटला, तारे द्या. मी एक तारा दिला, तर मिनिटभरात आभाराचं पत्र हजर. चार दिवसांच्या कोडला उत्तर नाही आणि एका ताऱ्याला आहे, म्हणून मी दुपारभर घरात तणतणत फिरले.

एका परीक्षेत कॅमेरा चालू ठेवायचा होता. नजर हलवायची नाही, खोलीत कोणी यायचं नाही. मी दाराला कडी लावली, पण आमच्या त्या दाराची कडी नावालाच आहे. मी तिसऱ्या प्रश्नावर असताना आई पोह्यांची प्लेट घेऊन आत आली. पडद्यावर लाल चौकट उमटली, 'दुसरी व्यक्ती आढळली', आणि परीक्षा संपली.

"आई, काऊन आली तू? त्यांनं मले बाहेर काढलं न!"

"कोणं काढलं?"

"कॉम्प्युटरनं. दुसरी व्यक्ती आढळली म्हणते."

आईने प्लेट ठेवली आणि वाकून पडद्याकडे पाहिलं. "मी दुसरी व्यक्ती काऊन? तुझी माय आहो." मी लॅपटॉप मिटला. पोहे खाल्ले.

या सगळ्यात माझ्याकडे अभिमानाने दाखवण्यासारखी एकच गोष्ट होती. पुण्यात असतानाच, सुट्टीच्या दिवशी बसून, मी गावच्या तलावासाठी एक ॲप लिहिलं होतं. पूर्वी पाण्याची पाळी तोंडातोंडी कळवत. मग कोणीतरी "मले सांगतलंच नाही" म्हणून बांधावर उभा, आणि पाणी बाजूला राहून भांडण वाहायला लागे. आता आदल्या दिवशी प्रत्येकाच्या मोबाईलवर मराठीत मेसेज जातो: उद्या इतक्या ते इतक्या वाजेपर्यंत तुमची पाळी. दोन हंगाम ते बिनचूक चाललं होतं. भांडणं काही थांबली नाहीत, लोकांनी दुसरी कारणं शोधली, पण ते एक कारण माझ्यामुळे गेलं. बायोडेटात मी ते सगळ्यात वर लिहायचे आणि मुलाखत घेणारे ते सोडून खालचं वाचायचे.

ऑक्टोबरमध्ये मात्र एक कंपनी भेटली जिने वरचंच वाचलं. पुण्याची, लहानशी, शेतीच्या पाण्याचं सॉफ्टवेअर करणारी. घरून काम चालणार होतं. दोन फेऱ्या इंग्रजीत झाल्या, दोन्हींत मी पास झाले. तिसरी शेवटची, तिथल्या वरिष्ठांबरोबर. बाबा त्या दिवशी शेतावर उशिरा गेले, कारण माझा कॉल होईस्तोवर गाडीचा आवाज नको. आईला मी सांगून ठेवलं होतं की घराला आग लागली तरच ये.

आता इथे एका शब्दाबद्दल सांगायला हवं, नाही तर पुढचं कळायचं नाही. पुण्यात गेले त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या रूममेटने ऑफिसातून फोन केला, "जेवलीस का गं?" माझ्या हातात घास होता. मी म्हटलं, "जेवून राहिली." तासाभराने ती भाजी-पोळी बांधून घेऊन आली. "तू जेवायची राहिलीस ना, म्हणून." तिच्याकडे 'राहिली' म्हणजे झालं नाही, बाकी आहे. माझ्याकडे 'जेवून राहिली' म्हणजे आत्ता, या क्षणी, जेवण चालू आहे. खूप हसलो आम्ही. मी दुसऱ्यांदा जेवले, आणि त्या दिवसापासून 'जेवतेय, करतेय, येतेय' असं बोलायला शिकले. तीन वर्षं एकदाही चुकले नाही. पण घरी येऊन आठ महिने झाले होते, आणि आठ महिन्यांत तीन वर्षांचं शिकणं अंगावरून धुऊन गेलं होतं. मला ते कळलंही नव्हतं.

पडद्यावरचे गृहस्थ पन्नाशीचे, हसतमुख. माझं आडनाव वाचून म्हणाले, "अरे वा, मराठी! मग मराठीतच बोलू या की. दिवसभर इंग्रजीचा कंटाळा येतो हो."

मला हायसं वाटलं. दोन महिने इंग्रजीत पाठ केलेली वाक्यं बोलून जबडा दुखत होता. मी खुर्चीत जरा सैलावून बसले, आणि चूक झाली ती तिथेच.

"तुमचं ते पाणीवाटपाचं ॲप मला फार आवडलं. सध्या काय स्थिती आहे त्याची?"

"चालून राहिलं न सर. गावातले लोक वापरून राहिले."

मोबाईलवरून जोडलेलं इंटरनेट, त्यांचा आवाज मधूनच तुटत होता. माझाही तिकडे तुटत असणार. "बरं, बरं," ते म्हणाले. "आणि टेस्टिंग?"

"टेस्टिंग मीच करून राहिली."

"डॉक्युमेंटेशन?"

"तेही लिहून राहिली."

"सिक्युरिटीचं काय केलंत?"

"त्याच्यावर आता काम करून राहिली, सर."

ते काहीतरी लिहून घेत होते. "अच्छा. म्हणजे बरंच राहिलंय."

"हो सर," मी मान ताठ करून म्हणाले, "बरंच करून राहिली."

ते हसले. "हरकत नाही. प्रामाणिकपणे सांगितलंत, ते आवडलं मला."

कॉल संपल्यावर मी बाहेर आले. बाबा गाडीवर किल्ली लावून बसलेले. "कसं झालं?" मी म्हटलं, "झालं बाबा. आवडलं म्हणाले." बाबांनी एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला गाडीवरून एक चक्कर मारू का असं विचारलं, मी लहान असताना विचारायचे तसं. आम्ही चौकापर्यंत गेलो. किराणावाल्याने तोच प्रश्न विचारला आणि मी त्याला सांगितलं, "बस, छुट्टी ख़तम होने वाली है भैया."

पाचव्या दिवशी नकाराचं पत्र आलं, नेहमीचंच, 'तुमच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा'. असली पत्रं मी एरवी वाचूनही संपवत नसे. या वेळी मात्र त्या कंपनीतल्या, माझ्याशी वेळा ठरवणाऱ्या मुलीला सरळ फोन लावला. कारण सांगायची परवानगी नाही, म्हणाली. मी म्हटलं, ताई, कारण कळल्याशिवाय मी फोन ठेवणार नाही, तुम्ही ठेवलात तर पुन्हा करीन. तिला कीव आली असेल किंवा भीती वाटली असेल. हळू आवाजात तिने शेरा वाचून दाखवला. उमेदवाराच्या स्वतःच्या सांगण्यानुसार ॲप चालवायचं राहिलं आहे. टेस्टिंग, डॉक्युमेंटेशन, सिक्युरिटी, सगळं पेंडिंग. प्रामाणिक आहे, पण हातात घेतलेलं काम पूर्ण करत नाही.

 डोळ्यासमोर ती भाजी-पोळीची पुडी आली. मी केलेलं एक-एक काम मी त्यांना मोजून सांगितलं होतं, आणि त्यांनी ते एक-एक न केलेल्यांत लिहून घेतलं होतं. वर मी हो म्हटलं होतं.

मी पत्र लिहायला बसले. पण हे लिहायचं कसं? 'महोदय, आमच्याकडे राहिलं म्हणजे राहिलं नव्हे.' खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. नोकरीच्या पत्रात व्याकरण शिकवणारी बाई मीच पहिली असेन. शेवटी चार ओळींत गैरसमज सांगितला, गावातल्या लोकांना त्याच सकाळी गेलेल्या मेसेजांचे फोटो जोडले, ॲपची लिंक दिली आणि पाठवून दिलं. तीन दिवसांनी उत्तर आलं. जागा भरली आहे, धोरणानुसार सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येईल. फोटो कोणी उघडले की नाही, देव जाणे. लिंक कोणी उघडली नव्हती, ते मला ॲपच्या नोंदीत दिसत होतं.

त्या संध्याकाळी बाबा आले, हातपाय धुऊन बसले. मी सगळं सांगितलं. त्यांना ते पटेचना.

"असं कसं? माझ्या मोबाईलवर तर मेसेज येऊन राहिला न. आजही आला. मग तो माणूस नाही झालं म्हणते कसा?"

"कारण मी तुमच्यासारखी बोलली, बाबा!"

"माझ्यासारखी म्हणजे?"

"म्हणजे हेच! येऊन राहिला, जाऊन राहिला. दिवसभर हेच कानावर पडते. तिकडं कोणाले समजत नाही हे. हसतात लोक. तुमच्या ह्या भाषेनं नोकरी गेली माझी."

बोलले आणि त्याच क्षणी वाटलं, बोलायला नको होतं. पण शब्द परत घेणं मला जमत नाही, तो आमच्या घरचाच गुण आहे. बाबांनी हात पुसले. टॉवेल दोरीवर टाकला आणि आईला म्हणाले, "वाढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप उघडून बसले होते. बाबा दारात थांबले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मी शेतावर जातो आहे."

मी मान वर केली. मला वाटलं टोमणा आहे. पण चेहरा सरळ होता.

दुपारी त्यांचा फोन आला. "तू जेवते आहेस का?" प्रत्येक शब्द वेगळा, शाळेतलं पुस्तक वाचल्यासारखा. मी "हो" म्हणून ठेवून दिला. संध्याकाळी म्हणाले, "पाऊस येतो आहे, कपडे आत घे." आई पदर तोंडाला लावून हसली. "हे काय नवीन? बातम्या सांगून राहिले काय?" बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की तीच दोरीवरचे कपडे आत घ्यायला गेली. नंतर तिनेच मला सांगितलं. त्या रात्री बाबांनी तिलाही बजावलं होतं की पोरीसमोर 'राहिलं' म्हणायचं नाही, तिची सवय मोडली पाहिजे, पुढच्या मुलाखतीत पुन्हा घात नको.

साठीला आलेला माणूस, आयुष्य बांधीत गेलं, आणि आता माझ्यासाठी क्रियापदं जपून टाकत होता. मधेच अडकायचे. "धान कापून रा..." म्हणायचे, थांबायचे, आणि मग "कापतो आहे" असं पूर्ण करायचे. मला रडू यायचं आणि रागही यायचा, त्या पुण्याच्या गृहस्थांचा, माझा, सगळ्यांचाच. बाबा, नका असं बोलू, एवढं साधं वाक्य मला म्हणता आलं नाही. दिवाळी अशीच गेली. फराळ झाला, पाहुणे आले, त्यांनी विचारलं काय करून राहिली. मी उत्तर द्यायच्या आत बाबांनी विषय बदलला.

मधल्या काळात मी आणखी कितीतरी अर्ज केले. कुठूनच बोलावणं आलं नाही. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मीच बाबांना म्हटलं, "उद्यापासून जाते मी." ठरलं होतं ते ठरलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली. मी कुर्त्याला इस्त्री केली आणि बाबांच्या देखत लॅपटॉप कपाटात वरच्या फळीवर ठेवला.

सकाळी तयार होऊन बाहेर आले तर बाबा अंगणात पाठमोरे उभे, फोन कानाला. पलीकडे शाळेचे अध्यक्ष होते, हे दोन वाक्यांत कळलं. मला वाटलं, मी निघते आहे असं सांगत असतील.

"नाही जी, ती नाही येत. माफ करा, तुमची जागा अडवून ठेवली आम्ही. दुसरी मॅडम पाहा जी." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बाबांचा आवाज चढला. "रिकामी कायले बसते? अख्ख्या गावाचं पाणी तिच्या भरोशावर आहे. तिचं काम चालून राहिलं जी."

तेवढ्यात ते वळले आणि मी त्यांना दिसले, इस्त्रीच्या कुर्त्यात, खांद्याला पर्स. त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. फोन त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि घाईघाईने, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "म्हणजे... चालू आहे. तिचं काम चालू आहे."

पलीकडचा माणूस गोंदियाचाच होता. त्याला पहिल्याच वेळी समजलं होतं.